वटवट्या

मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसायचं, त्यामुळे मला सहसा किळस येत नाही. कुजलेली दाढ असो, पू असो, हिरड्यांचा वास असो, मी वर रुग्णाशी गप्पाही मारते. पण परवा आमच्या घरामागे नदीकाठी जे पाहिलं, त्यानंतर माझ्या घशाखाली घास उतरेना.

आमचं घर नदीकडे पाठ करून उभं आहे, आणि ती नदीही पाठ करण्याच्याच लायकीची आहे. शहराच्या सांडपाण्याचा मोठा पाइप तिथंच येऊन ओकतो. पाण्यावर पिवळट फेस, फेसात पिशव्या, पिशव्यांत देव जाणे काय काय. मात्र भिंत आणि पाणी यांच्यामध्ये बोरूचं दाट रान आहे, आणि दरवर्षी थंडीच्या तोंडावर त्यात एक पाहुणा उतरतो. डोंगर ओलांडून येतो, चार दिवस किडे खाऊन पोट भरतो आणि पुढे दक्षिणेला जातो. नाव वटवट्या. रंग चिखलाचा, जीव अंगठ्याएवढा. दिसायला काही म्हणजे काही नाही, पण सकाळी नि तिन्हीसांजेला जी वटवट करतो, ती ऐकत राहावी अशी.

त्याची ओळख बाबांमुळे. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता त्यांचे डोळे अधू झाले आणि म्हातारपणी पार गेले. आता सगळी भिस्त कानांवर. वटवट्या बोलला की "आला गं!" म्हणून ओरडायचे, आणि जावई यायचा असल्यासारखी दाढी करून धुतलेला सदरा मागायचे. मला लहानपणापासून वटवटी म्हणतात ते त्याच्याच नावावरून. मी फार बोलते म्हणे.

गेल्या वर्षी नदी साफ करणाऱ्यांनी घाण तशीच ठेवून बोरू तेवढा कापला. वटवट्या आला नाही. बाबा हिवाळाभर खिडकीकडे तोंड करून बसले, जेवणावरची वासना उडाली, विचारलं की म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" यंदा बोरू पुन्हा वाढला तसे ते पहाटेपासून कान लावून बसायला लागले. यंदाही तो आला नसता तर ते हा हिवाळा काढतील असं मला वाटत नव्हतं, खरं सांगते.

आणि एका सकाळी आला! बाबा ओरडले, मी दात घासता घासता धावले, दोघं खिडकीत उभे. वटवट, वटवट, मग गप्प. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खालच्या मजल्यावरून माझा धाकटा भाऊ नवा कॅमेरा घेऊन पायऱ्या चढत आला आणि किंचाळला, "ताई, मिळाला! माझा लायफर!"

लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. या पक्षी बघत हिंडणाऱ्या मंडळींना पक्षी दिसत नाही, मिळतो. मंडईत कोथिंबीर मिळावी तसा. मी त्याला बजावलं, "कुणाला सांगू नकोस हं." तो म्हणाला, "छे गं!" आणि जिना उतरेपर्यंत त्या मंडळींच्या ग्रुपवर घराचा पत्ता टाकून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीशी जत्रा. शी, काय ती माणसं! बोरू तुडवला, वेफर्सची पाकिटं फेकली, एकानं तर आमच्याच भिंतीवर धार धरली. त्यांचा म्होरक्या तोफेएवढी लेन्स गळ्यात घालून फिरत होता. त्यानं साबणाच्या वडीएवढा एक स्पीकर बोरूत खोचला आणि बटण दाबलं. स्पीकर वटवटायला लागला.

मी विचारलं तेव्हा त्यानं प्रेमानं समजावलं. बिचाऱ्या पक्ष्याला वाटतं, आपल्या जागेत दुसरा घुसला. मग तो खाणंपिणं सोडून त्याला हुसकायला उघड्यावर येतो. आला की फोटो.

"अहो, तो मैलोन्‌मैल उडून आलाय. त्याला खाऊ द्या की!"

"मॅडम, आम्ही पक्षीप्रेमी आहोत."

"माझ्या खुर्चीत या एकदा. भूल न देता दाखवते प्रेम कसं असतं ते."

सगळे हसले. धाकटाही हसला, त्याचा मला जास्त संताप आला. मी तणतणत वर गेले. बाबांना सगळं सांगून त्यांच्याच तोंडून पोराला झाडायला लावणार होते. तर बाबा नवा सदरा घालून खिडकीत, मान डोलावत बसलेले.

"ऐकलंस? सकाळपासून बोलतोय. गेल्या वर्षीचं सगळं भरून काढतोय बघ. दमत कसा नाही गं?"

मी पोराचं नाव न काढता पानं घ्यायला लागले. बाबांनी त्या दुपारी दोनदा भात मागून घेतला. मी वाढला. खाली स्पीकर वटवटतच होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाला तरी फोन आला, पुलाकडे कुठलंसं बदक मिळतंय म्हणून. सगळी वरात क्षणात तिकडे पळाली. स्पीकर मात्र विसरली. मी चप्पल हातात घेऊन चिखलात उतरले, आवाजाच्या मागानं गेले. स्पीकर बोरूच्या दोन काड्यांमध्ये होता. त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, वटवट्या पडला होता. अजून कोमट होता. उचलला तर छातीचं हाड बोटाला टोचलं, पोटात कणभर काही नसावं. शेवटपर्यंत त्या डबड्याशी भांडत होता बिचारा.

मागून धाकटा आला. बदकाला जाण्याआधी एक चांगला फोटो हवा होता त्याला, आधीचे सगळे हलले होते.

"मिळाला का, ताई?"

"मिळाला," मी म्हटलं. "हात पुढे कर."

त्यानं केला. मी ठेवला. त्याचा चेहरा पडला तो बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. "मेल्या, बंद कर ते आधी," मी म्हणाले. त्यानं रडत रडत बटणाकडे बोट नेलं.

"वटवटे!" वरून बाबांची हाक आली. खिडकीच्या गजांना धरून ते उभे होते, तोंड भरून हसत. "खाली आहेस ना गं? दिसतोय का? बघ, अंधार पडत आला तरी बोलतोयच!"

धाकट्याचं बोट तिथंच थांबलं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"दिसतोय, बाबा," मी म्हणाले.

"कसा आहे?"

"छान आहे. जाडा झालाय."

आम्ही दोघं चिखलात उभे राहिलो, पायांशी पाइपाचा फेस येत होता. बाबा वर ऐकत होते. मी मनातल्या मनात त्या स्पीकरची बॅटरी संपायची वाट बघत होते, आणि ती काही केल्या संपत नव्हती.