कॅमेऱ्याच्या बरोबर खाली

दादा शिडीच्या वरच्या पायरीवरून भिंतीला भोक पाडत होता आणि धाकटी बहीण खाली शिडी धरून उभी होती. गिलाव्याचा भुगा तिच्या केसांत पडत होता, तरी ती बाजूला सरकत नव्हती.

"अगं, डोकं तरी काढ मधून. म्हातारी दिसायला लागलीस."

"शिडी हलेल."

"हलली तर मी पडेन. तू कशाला पांढरी होतेस?"

ती हसली नाही, पण हसल्यासारखं तोंड केलं. हल्ली ती असंच करायची. विनोद मिळाल्याची पोच द्यायची.

खरं तर कॅमेरा दाराबाहेर लावायचा होता. पण घरमालकाचं म्हणणं असं, की बाहेरची भिंत नुकतीच रंगवली आहे, तिला भोक पडता कामा नये. आत काय पाडायची ती पाडा. म्हणून मग दारासमोरच्या भिंतीवर, छताला लागून. आत येणारा चोर असो, पाहुणा असो, नवरा असो, समोरून दिसणार. त्याबरोबर सगळी खोलीही दिसणार होती, कारण भाड्याची खोली होती तेवढीच.

कोर्टाने तात्पुरता संरक्षण आदेश दिला होता. नवऱ्याने तिच्या घराकडे किंवा कामाच्या ठिकाणी फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्याच्या तोंडून निरोप धाडायचा नाही. हा आदेश कायम करायचा की नाही, ते सोमवारच्या तारखेला ठरणार होतं.

"कागदाला डोळे नसतात," दादा म्हणाला होता, "ते आपण बसवू." कॅमेरे बसवणं हा त्याचा धंदाच होता.

मागच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं होतं, "मारहाण?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मग करतात काय?"

धाकटी म्हणाली, "विचारतात."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. ती बहीण नसती तर दादाही हसला असता. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "एखादी जखम असती तर सोपं गेलं असतं," आणि आपण काय बोललो हे कळून घाईघाईने पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "न दिसणारं दाखवायचं कसं, हाच सगळा घोळ आहे."

नवरा विचारायचा. कुठे आहेस, कोण बोलतंय, मागे आवाज कसला, फोन व्हिडिओवर घे, ताट दाखव, पिशवी दाखव. आवाज चढवायचा नाही. आईला या जावयाचं भारी कौतुक. "किती काळजी करतो गं! सारखा फोन. तुझ्या वडिलांना तर मी घरात आहे की नाही हे भूक लागल्यावर कळायचं." त्या घरातले कॅमेरेसुद्धा दादानेच बसवले होते, लग्नाचा आहेर म्हणून, फुकटात. कोणी मिक्सर दिला, कोणी घड्याळ दिलं. दादाने नजर दिली.

"झालं," तो शिडीवरून उतरत म्हणाला. "माझ्या फोनवर दिसेल सगळं. मी आपला अधूनमधून बघत जाईन. काळजी म्हणून."

"बरं," धाकटी म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दादाने फोन उघडला. धाकटी नुकतीच कामावरून आली होती. तिने दार लावलं, चपला काढल्या आणि खोलीच्या मधोमध येऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. पिशवीतून एकेक वस्तू काढून वर धरू लागली. ब्रेड. अंडी. कांदे. एक साबण. आणखी एक साबण. प्रत्येक वस्तू थोडा वेळ धरायची, मग टेबलावर ठेवायची. बिल तिने दोन्ही हातांनी ताणून धरलं, वाचता यावं असं. मग रिकामी पिशवी उलटी करून झटकली, आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली, सावकाश, शिंप्याकडे माप देताना घेतात तशी.

दादा मोठ्याने हसला. लहानपणी ही असंच करायची. घरातल्या टोपल्या डोक्यावर घेऊन विकायला निघायची आणि आईलाच तिची भांडी विकायची. आली ठिकाणावर, त्याला वाटलं. त्याने लगेच मेसेज केला, 'दोन-दोन साबण? अंघोळ करतेस की धुऊन वाळत घालतेस स्वतःला?'

फोन तत्काळ वाजला.

"दादा, एक परत करू?"

"कर ना. आणि कांदेही कर, डोळ्यांत पाणी येतं माझ्या."

"कांदे किती ठेवू?"

तो हसतच होता. हसू तोंडावर होतं आणि ते आता काढायचं कसं हे त्याला कळेना.

"अगं, गंमत केली."

"हो, कळलं मला," ती पटकन म्हणाली. "दुकान उघडं असेल अजून. जाऊन येते लगेच. वाटेत कुठे थांबत नाही."

"अगं ऐक..."

फोन बंद झाला होता. पडद्यावर ती चपला घालताना दिसली, हातात एक साबण आणि कांद्यांची पिशवी. मग दार, आणि रिकामी खोली. दादा त्या रिकाम्या खोलीकडे बघत बसला. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, खाकरलं, निघून गेलं. ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. तिने उरलेला एक साबण कॅमेऱ्यासमोर धरला. मग नवं बिलही, दोन्ही हातांनी ताणून.

त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि शिडी खांद्यावर घेतली. वाटेत फोन उघडून पाहिला तर खोलीत कोणी नव्हतं. दाराला आतून कडी. खिडकी बंद. टेबलाशी खुर्ची होती ती रिकामी. पडद्याच्या अगदी तळाला पायाचा एक अंगठा तेवढा दिसत होता.

शिडी घेऊन माणसाला पळता येत नाही. तरी तो पळाला. लोक हसून बाजूला झाले.

दार तिनेच उघडलं. हातात ब्रेडचा तुकडा होता. खाली, कॅमेऱ्याच्या भिंतीला लागून, जमिनीवर तिचं ताट होतं.

"तिथे का बसलीस? खुर्ची आहे की."

"इथे दिसत नाही."

"कोणी सांगितलं?"

"तूच. तिकडे कॅमेरे लावत होतास तेव्हा. टेंभा मिरवत होतास, की जगातल्या कुठल्याच कॅमेऱ्याला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही म्हणून."

धंद्यात ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नसते. मेहुण्याला त्याने सांगितली नव्हती. धाकटीला सांगितली, कारण तिच्यापुढे शहाणपणा केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"तिकडेही इथेच जेवायचे," ती म्हणाली. "म्हणजे तिथे, पण असंच, खाली. जास्त वेळ नाही. मग फोन यायचा, कुठे होतीस."

दादाने शिडी उघडली. यावेळी धरायला त्याने तिला सांगितलं नाही, तरी तिने धरली. स्क्रू काढून कॅमेरा खाली आणून त्याने पिशवीत टाकला. घरमालकाच्या रंगाचं काय करायचं ते तो सकाळी बघणार होता. कॅमेरा बाहेर जाणार होता, दाराच्या वर, रस्त्याकडे तोंड करून.

मग त्याने फोन काढला.

"आज संध्याकाळचं यात आहे," तो म्हणाला. "तू पिशवी दाखवतेस ते. साबणाचं. वकीलबाई म्हणाल्या ना, न दिसणारं दाखवायचं कसं. हे दाखवलं तर कोणाला काही विचारावं लागणार नाही. सोमवारी काम होईल आपलं." तो थांबला. "पण तुझं आहे ते. तू म्हणशील तर."

धाकटीने फोन हातात घेतला आणि आवाज बंद असलेली स्वतःची ती हालचाल पाहिली. ब्रेड, अंडी, कांदे. गिरकीपाशी तिने मान वळवली.

फोन तिने परत दिला नाही. दादाच्या जिभेवर चारपाच वाक्यं आली. सगळी चांगली होती. सगळ्यांत काळजी होती.

"नाही," ती म्हणाली.

हा शब्द त्याने तिच्या तोंडून अलीकडे फक्त कोर्टात ऐकला होता, तोही मारहाण आणि दारू यांच्यासाठी.

सोमवारी याखेरीज दाखवायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. ते तिलाही माहीत होतं. का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"तूच पूस."

तिने बोट टेकवलं. पडद्यावर अक्षरं आली: कायमचं पुसायचं आहे, खात्री आहे का?

"बघ," दादा म्हणाला, "हाही विचारतोच."

तिने पोच दिली नाही. तिला खरंच हसू आलं, नाकातून, अर्धवट, आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं. डोळे पुसून तिने 'हो' दाबलं.

कॅमेरा पिशवीत होता. भिंतीवर नुसती भोकं उरली होती. खोली सगळी तिचीच होती, खुर्ची, टेबल, खिडकीखालची जागा. धाकटीने दुसरं ताट काढलं, त्यात ब्रेड आणि उकडलेलं अंडं ठेवलं, आणि दोन्ही ताटं घेऊन त्याच भिंतीच्या तळाशी, त्याच जागी जाऊन बसली. पाय जवळ ओढून घेतले.

दादाने खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग तोही खाली बसला, तिच्याशेजारी, भिंतीला पाठ लावून, आणि पाय जवळ ओढून घेतले.