शेवटच्या धावपटूसाठी पाच मिनिटं

लासलगावजवळ मालधक्क्याकडे जाणाऱ्या रुळांवरचं फाटक हर्षाली सांभाळायची. त्या रविवारी गावातल्या बायकांची दौड तिथून जाणार होती, म्हणून कांद्याची मालगाडी आठपर्यंत थांबवून ठेवली होती. आठला फाटक लागायलाच हवं होतं.

दोन मिनिटं उरली, तेव्हा तिला लांबवर भाजीवाल्या रंगूबाई दिसल्या. पासष्टीच्या, काष्टा मारलेल्या, पायात नातवाचे बूट, सगळ्यांच्या मागे. पण पळत होत्या.

हर्षालीने स्टेशन मास्तरांना फोन लावला.

"साहेब, एक बाई मागे राहिल्यात. पाच मिनिटं द्या."

"एका बाईसाठी गाडी अडवू?"

"दौड त्यांचीही आहे, साहेब. त्या गेल्या की लगेच फाटक लावते."

मास्तर म्हणाले, "पाच. सहावं मिळणार नाही."

हर्षाली रस्त्यावर धावली. "मावशी, या! फाटक उघडंच हाय!"

"आले गं! थांबायची नाय मी!" धापा टाकत रंगूबाई रूळ ओलांडून गेल्या आणि खरंच थांबल्या नाहीत.

चौथ्या मिनिटाला फाटक लावून हर्षालीने मास्तरांना कळवलं, "सोडा गाडी, साहेब."