तांबड्या पेशींत पहिला

मॅट्रिकला तीनदा बसून तीनदा उठलेल्या कुंडलिकचा आयुष्यात पहिला नंबर आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही रक्तात.

२००३ साली मुंबईच्या एका संस्थेनं धसईजवळच्या त्याच्या गावात तपासणीचं शिबिर घेतलं. आठ दिवसांनी रिपोर्टांचा गठ्ठा एसटीनं आला. ते समजावणाऱ्या डॉक्टरीणबाई सोमवारी यायच्या होत्या, पण गावाला एवढा दम कुठला? पंचायतीच्या ओट्यावर जयराम वाचायला बसला. जयराम भातसानगरला धरणाच्या पाण्याची पातळी लिहून लिहून रिटायर झालेला. त्यामुळे आकडा वर गेला की आनंद मानायची त्याला सरकारी सवय होती.

"तांबड्या पेशी. साडेचार ते साडेपाच," त्यानं वाचलं. "म्हंजे साडेचारला पास. महादू, पाच पूर्णांक चार. कुंडलिक... सहा पूर्णांक सात! आरं, पैकीच्या पैकी घेऊन वर पन!"

"माझा पेपर परत तपासा," महादू म्हणाला.

कुंडलिकची बायको सकुबाई चार पूर्णांक एकवर नापास झाली. गावातल्या बहुतेक बायका नापासच होत्या. रिपोर्टावर बायकांसाठी वेगळी ओळ होती, पण तिच्यावर जयरामचा अंगठा होता.

कुंडलिकला आता सगळ्याचा उलगडा झाला. सहा महिने डोकं जड, तोंड लालबुंद, आंघोळ केली की अंगाला खाज. रक्त मावत नव्हतं, दुसरं काय! पहिल्या नंबराचा सत्कार करायचा, तोही डॉक्टरीणबाईंच्या हस्ते, असं सरपंचांनी जाहीर केलं. कुंडलिकनं सोमवारसाठी दाढीसुद्धा केली.

सोमवारी बाईंनी एका हातात शाल घेतली, दुसऱ्या हातात रिपोर्ट, आणि शाल खाली ठेवली.

"विडी ओढता?"

"दोन बंडलं," कुंडलिक अभिमानानं म्हणाला.

"रक्त घट्ट झालंय तुमचं. गुठळी झाली तर अर्धांगवायू होईल. आधी पुन्हा तपासायचं, मग कारण शोधायचं. कदाचित थोडं रक्त काढावंही लागेल. उद्याच ठाण्याला सिव्हिलला जा."

"काढायचं?"

"हे मार्क नाहीत हो. दिलेल्या हद्दीत असणं चांगलं. बायकांची हद्द वेगळी असते. सकुबाईंचं रक्त उत्तम आहे."

सभा नारळ न फुटता संपली.

घरी कुंडलिक भिंतीला टेकून बसला. "मी नाय जानार. जल्मात एकदा पयला आलो, तर ही म्हनते कमी कर. माझं उतरवलं की महादू वर येतो."

"बरोबर हाय," सांत्वनाला आलेला जयराम म्हणाला. "चांगली चढलेली पातळी कोनी उतरवतं का?"

सकुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "जयरामभावजी, धरन पार काठाला आलं की तुमी काय करत व्हते? हार घालत व्हते?"

जयरामनं टोपी काढून झटकली.

"बोला की. इच्यारते मी."

"दरवाजे उघडत व्हतो," जयराम खाली बघत म्हणाला.

"आनि नाय उघडलं तर?"

"खालची गावं व्हावून जात्यात, वहिनी."

कुंडलिकनं जयरामकडे बघितलं. तीस वर्षांच्या नोकरीत जयराम पाण्याबद्दल खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सकाळच्या मुरबाड गाडीत नवराबायको बसले. कुंडलिकच्या तोंडावर नंबर गेल्याची कळा होती. तेवढ्यात महादू चढला आणि नेमका पुढच्याच बाकड्यावर बसला.

"काय रे, कुठं? रक्त उतरवायला?"

सकुबाई काही बोलणार, तोच कुंडलिक ताठ झाला.

"ठान्याला. सिव्हिलचे मोठे डॉक्टर बघनार हायेत. आपल्या पट्ट्यात एवढं रक्त कोनाचंच नाय ना. थोडं काढून घेतो बोलले."

"तुला बोलवलं?"

"उद्याच ये बोलले."

महादूचं तोंड उतरलं. टोकावड्यापर्यंत तो बोटांवर कसलातरी हिशेब करत होता. मग हळूच मागे वळून सकुबाईला म्हणाला, "वहिनी, असं बोलावनं यायला कमीत कमी किती लागतं गो?"