नंदीच्या कानातला बीजमंत्र

माधवनगर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नाला लाजवील असा पडला होता. आत बायाबापड्या, पेन्शनर, हळदीचे अडते, कॉलेजातली पोरं अशी सगळी रांग धरून उभी, आणि प्रत्येकाच्या जोडलेल्या हातांत नारळाच्या जागी मोबाईल. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या हलवून तिथं पांढराशुभ्र फायबरचा नंदी बसवला होता. एकेक जण पुढं जाई, नंदीच्या डाव्या कानाला तोंड लावून आपला 'बीजमंत्र' पुटपुटे आणि बाजूला येऊन फोनकडं डोळे लावून बसे. जरा वेळानं फोन वाजे, आणि आतल्या क्रिप्टो वॉलेटमध्ये 'कृपाकण' नावाचं टोकन आपोआप उगवलेलं दिसे.

आष्ट्यात खानावळ चालवणाऱ्या सुलाबाईंनी तर फोन बंद करून पदराच्या गाठीत बांधला होता. गाठ सोडून फोन चालू केला तर आकडा एवढा लांबलचक, की तो वाचायला त्यांना शेजारणीची मदत लागली. सुलाबाईंनी फोन कपाळाला लावला. मागच्यांनी तो बघायला माना उंचावल्या, कुणीतरी जयजयकार सुरू केला, आणि रांग दुप्पट जोरानं पुढं सरकली.

दीपनाथ महाराज स्टेजच्या कडेला गादीवर बसले होते. अंगात भगवी कफनी, एका मनगटात रुद्राक्ष, दुसऱ्यात स्मार्ट घड्याळ.

"बाळांनो," ते म्हणाले, "ब्लॉकचेन म्हणजे काय? ब्लॉक म्हणजे जन्म आणि चेन म्हणजे साखळी. एकदा लिहिलं गेलं की ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. परदेशी लोकांना हे काल कळलं. फोन म्हणजे देह, वॉलेट म्हणजे आत्मा. देह हरवला तरी आत्मा दुसऱ्या देहात जातो, पण त्यासाठी बीजमंत्र लागतो. तो कुठल्याही माणसाला सांगू नका. फक्त नंदीला सांगा."

मागं चपलांच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या संयोगिताच्या मनात आलं, शेवटचं वाक्य सोडलं तर बुवाचं बाकी बरोबर आहे.

संयोगिता आष्ट्याच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, आणि फावल्या वेळात टोकनांची लहानसहान खरेदी-विक्रीही करायची. क्रिप्टोची नाणी फोनात नसतातच, त्यांच्या नोंदी जगभरच्या संगणकांवर असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोनातलं वॉलेट ही त्या नोंदीला हात लावायची किल्ली. वॉलेट पहिल्यांदा उघडताना ते बारा इंग्रजी शब्द देतं, महाराजांचा 'बीजमंत्र' तो हाच. फोन बिघडला, हरवला, तर तेच शब्द दुसऱ्या फोनात टाकायचे, की सगळं जसंच्या तसं परत. पण ते शब्द ज्याच्याकडं, त्यालाही तेच करता येतं. मालकाचा फोन पदरात असो की विहिरीत.

तिची खरी अडचण गादीजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसली होती. तिचे सासरे, निवृत्त सुभेदार आप्पासो. पंचक्रोशीत आप्पासोंच्या शब्दावर सोयरिकी जुळायच्या आणि बांधाची भांडणं मिटायची. महाराजांनी आल्याआल्या हेरलं ते त्यांनाच. शाल काय, पहिली खुर्ची काय, "आमचे सेनापती" काय. निवृत्तीनंतर कुणी सॅल्यूट करेनासं झालेल्या माणसाला एवढं पुरलं. आप्पासोंनी स्वतः दीक्षा घेतली, मग गावाला घ्यायला लावली. दीक्षेचा नियम असा, की आधी खरी, डॉलरच्या भावाला बांधलेली नाणी घेऊन वॉलेटमध्ये 'मूळ ठेव' म्हणून ठेवायची. ठेव मोठी, तर कृपा मोठी. कृपाकण विकू बघणाऱ्याला उत्तर ठरलेलं असायचं, "अजून पिकलं नाही."

संयोगितानं घरी एकदा विचारून पाहिलं होतं, की मामा, शब्द सांगितलेच कशाला? आप्पासो भडकले. देवाच्या कानात सांगितले, माणसाच्या नव्हं, असं म्हणून ताटावरून उठले. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

विषय काढला तो साताऱ्याच्या लालासाहेबांनी. लालासाहेब आणि आप्पासो एका पलटणीत वाढलेले, एका खंदकात जेवलेले. आप्पासोंनी बोलावलं म्हणून ते साताऱ्याहून येऊन दीक्षा घेऊन गेले होते. एका दुपारी त्यांचा फोन आला. त्यांच्या वॉलेटमधली मूळ ठेव नाहीशी झाली होती. कृपाकण तेवढे जागच्या जागी होते.

आप्पासो तडक महाराजांकडं गेले. महाराजांनी डोळे मिटले, घड्याळाकडं चोरून पाहिलं आणि निदान सांगितलं. त्या गृहस्थाच्या मनात शंका आली होती, म्हणून नंदीनं ठेव परत घेतली. आप्पासोंनी हे उत्तर जसंच्या तसं लालासाहेबांना कळवलं.

"आप्पा," लालासाहेब म्हणाले, "मी नंदीला वळखत न्हाई. मी तुझ्या शब्दावर आल्तो." आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचे काही दिवस आप्पासो घरात असून नसल्यासारखे होते. सातारचा फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. संयोगितानं हीच वेळ साधली. वाद न घालता तिनं एक प्रयोग सुचवला. महाराज खरे असतील तर मामांना लालासाहेबांपुढं ताठ मानेनं जाता येईल. खोटे असतील तर तेही कळेल.

प्रयोग सोपा होता. जयराज, म्हणजे तिचा नवरा आणि आप्पासोंचा मुलगा, सीमेवर नोकरीला. त्याच्या नावानं दीक्षा मागायची. त्यासाठी तिनं एका जुन्या फोनवर एक वॉलेट उघडलं आणि त्यात थोडीशी खरी नाणी ठेवली. हे दाखवायचं वॉलेट. मग दुसऱ्या फोनवर दुसरं वॉलेट उघडलं, त्यातही तेवढीच नाणी ठेवली, आणि त्याबद्दल कुणालाही काही सांगायचं नाही असं ठरलं. दीक्षेआधी मूळ ठेव तपासणाऱ्या काउंटरवरच्या शिष्याला पहिलं वॉलेट दाखवायचं. नंदीच्या कानात मात्र दुसऱ्याचे बारा शब्द सांगायचे.

"नंदी देव असेल तर त्याला कळेल की कृपा कुठल्या वॉलेटवर करायची आहे," ती म्हणाली. "आपण जयराजचं वॉलेट समोर धरून मागतोय. शब्द चुकले म्हणून देव काही चुकायचा नाही."

आप्पासोंना हे पटलं, कारण त्यांना सुनेची खोड मोडायची होती. सुभेदारांनी बारा इंग्रजी शब्द परेडच्या हुकमासारखे पाठ केले, आणि रविवारी नंदीच्या कानात एकही न अडखळता सांगून आले.

घरी येऊन दोघं सोप्यात बसली. टीपॉयवर दोन फोन. जयराजच्या नावाचा फोन गप्प होता. दुसरा वाजला. ज्या वॉलेटची गोष्ट या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, त्यात कृपाकणांचा ढीग पडला होता. आठवडा सरायच्या आत त्याच वॉलेटमधली खरी नाणीही गेली. दाखवलेल्या वॉलेटला कुणी हात लावला नव्हता.

आप्पासोंनी दोन्ही फोन आलटून पालटून पाहिले.

"म्हंजी नंदी न्हाई ऐकत," ते सावकाश म्हणाले. "कोनतरी मानूस ऐकतोय."

"व्हय मामा."

"आन् मी समद्या गावाला त्येच्यापुढं रांगंत हुबं केलं."

संयोगितानं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर आप्पासोंनी विचारलं, "आता काय करायचं, सांग." लग्न होऊन घरात आल्यापासून त्यांनी तिला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

पुढच्या रविवारी आप्पासो आपल्या ओळखीच्या काही माजी सैनिकांना घेऊन गेले आणि त्यांना दारांशी उभं केलं. मग दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. महाराजांना वाटलं, सेनापती स्तुती करणार. त्यांनी स्वतःच्या हातानं माईक दिला.

आप्पासोंनी जे घडलं ते सरळ सांगितलं. कुठलं वॉलेट दाखवलं, कुठल्याचे शब्द सांगितले, कृपा कुठं झाली आणि नाणी कुठून गेली. सभागृहात कुजबुज झाली. महाराज हसले, पण जरा उशिरा.

"सेनापती, देवाची परीक्षा बघायची नसते. नंदीला तुमचं कपट कळलं, त्यानं कपटालाच फळ दिलं."

लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी आप्पासोंना खाली बसा म्हणून ओरडलंही. तेवढ्यात संयोगिता स्टेजवर चढली. म्हणाली, मीही दीक्षा घेते, नंदीला माझेही शब्द सांगते. महाराजांना नाही म्हणता येईना. ती नंदीच्या कानाशी वाकली आणि इतक्या हळू काही बोलली, की शेजारी बसलेल्या महाराजांनाही ऐकू गेलं नाही.

क्षणभर काहीच झालं नाही. मग 'वधूपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीचं दार धाडकन उघडलं, आणि महाराजांचा पट्टशिष्य ऋषिराज बाहेर पळत आला. गळ्यात हेडफोन, बगलेत उघडाच लॅपटॉप, पाय अनवाणी. तो मागच्या दाराकडं धावला, तिथं सैनिक दिसले, तसा वळून पुढच्या दाराकडं आला आणि चपलांच्या ढिगावर आडवा झाला.

"मी नंदीला एवढंच सांगितलं," संयोगिता माईकवर म्हणाली, "की पोलीस आलेत, लॅपटॉप घेऊन पळ."

हसू आधी मागच्या पोरांत फुटलं आणि मग पुढं आलं. आप्पासोंनी नंदीच्या डाव्या कानात बोटं घातली. स्पंजचा बोळा निघाला, त्यामागं चिमुकला माईक, त्यामागं वायर. वायर ओढत ते वधूपक्षाच्या खोलीपर्यंत गेले. महाराज ही सगळी नंदीची लीला आहे असं म्हणू लागले, पण त्यांचा माईक कुणीतरी काढून घेतला होता. मग कुणीतरी खरोखरच पोलिसांना फोन लावला.

पण संयोगिताला आणखी घाई होती. लॅपटॉप सापडला तरी शब्द आणखी कुणाकडं पोचले असतील, ते कोण सांगणार. तिनं सगळ्यांना जागेवरच बसवलं आणि सांगितलं, की नंदीला सांगितलेले शब्द आता चोराचे झाले. आत्ताच्या आत्ता आपापल्या फोनवर नवीन वॉलेट उघडा, शिल्लक असतील ती खरी नाणी तिकडं हलवा आणि जुनं वॉलेट कायमचं सोडा. नवे शब्द कागदावर लिहून घरात कुलपात ठेवा. त्यांचा फोटो काढू नका, कुणाला पाठवू नका. ती बाकांमधून फिरत राहिली, म्हाताऱ्यांना नव्या वॉलेटचा पत्ता पुन्हा पुन्हा तपासायला लावत, आधी थोडंसंच पाठवून पोचलं का ते बघायला लावत. अनेकांचं वाचलं. काहींचं आधीच गेलं होतं. गेलेलं परत आणणारं कुठलंही बटण नाही, हे तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं. पोलिसांत तक्रार द्या, पण आशा बेतानंच ठेवा.

सुलाबाईंची ठेव शाबूत होती, पण कृपाकणांवरून त्यांचा जीव निघेना. एवढा मोठा आकडा, तो काय खोटा?

"सुलामावशी," संयोगिता म्हणाली, "समजा मी ओढ्यातला एक गोटा माझ्याच भावाला लाखाला विकला, आणि तसलेच गोटे तुम्हाला पोतंभर फुकट दिले. हिशेबात तुम्ही कोट्यधीश. पण विकायला निघालात तर गिऱ्हाईक कोण?"

"तुझा भाऊ."

"आणि तो काही घ्यायचा नाही. हे टोकन बुवानंच बनवलं, बुवानंच त्याचा भाव ठरवला. आकडा उगवला तो चमत्कार नाही. कुणाच्याही वॉलेटमध्ये कुणीही काहीही टाकू शकतं. अशा फुकटच्या टोकनाला हातसुद्धा लावायचा नाही. विकायला गेलं की ते आपली खरी नाणी उचलायची परवानगी मागतं आणि आपण वाचल्याशिवाय होय म्हणतो."

सुलाबाई विचारात पडल्या. "मग देवाला बी सांगायचं न्हाई व्हय, ते शब्द?"

"देव असेल तर त्याला ठाऊक असतील की. ज्याला सांगावे लागतात तो देव नव्हे."

सुलाबाईंनी नंदीकडं पाहिलं आणि पदर खोचून वॉलेट बदलायला बसल्या.

त्याच आठवड्यात आप्पासो एसटीनं साताऱ्याला निघाले. संयोगिताला बरोबर घेतलं. लालासाहेबांनी दार उघडलं, पाहिलं, आणि आत या असं न म्हणता बाजूला झाले. आप्पासोंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. बुवा कसा ऐकायचा, आणि आपण कसे ऐकत नव्हतो, हेही. लालासाहेबांची ठेव परत येईल असं काही ते म्हणाले नाहीत.

"बस," लालासाहेब अखेर म्हणाले. "गुडघं दुखत असतील."

मग त्यांनीच आप्पासोंना माजी सैनिकांच्या बैठकीला नेलं. तिथंही दोघा-तिघांनी दीक्षा घेतली होती, आणि एकाच्या फोनवर दुसऱ्याच कुठल्या तरी 'गुरुजीं'चा दीक्षेला या म्हणून संदेश येऊन पडला होता. आप्पासो बोलायला उभे राहिले.

"मी म्हनलो म्हून तुमी त्या बुवाकडं गेला," ते म्हणाले. "त्यो बुवा एकटा चोर. पर तुमाला त्येच्या दारात नेलं ते माझ्या नावानं. आता मी सांगतोय की त्यो लबाड हाय, तर ह्ये बी माझ्या नावावर मानू नगा. माझी सून हितं बसलीया. दोन फोन घ्या, तिला इचारा, सवता करून बघा. जे करून बघता येत न्हाई आन् जे करून बघू देत न्हाईत, त्यात पैसा घालू नगा. मग सांगनारा बुवा असू दे, सुभेदार असू दे, न्हाईतर तुमचा सख्खा भाऊ असू दे."

ते खाली बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरचे एक वयस्कर हवालदार उठले, खिशातून आपला फोन काढला आणि संयोगितासमोर ठेवून म्हणाले, "दाव बरं पोरी. पैल्यापास्नं दाव."