धमनीचा शेवटचा परिच्छेद

मनमोहनच्या मांडीत मागून पोलिसांची गोळी शिरली, धमनी तुटली आणि लालबागच्या हमरस्त्यावर रक्त जाऊन तो मेला. सरकारी पत्रकात मात्र तो चेंगराचेंगरीत गेला, आणि पेपरांनी तेच छापले. छप्पन सालचा जानेवारी होता. बरीच माणसे तेव्हा सरकारच्या सोयीने मरत होती.

त्याची आई यशोदा गिरगावात आपल्या धाकट्या भावाच्या, हेमचंद्रच्या घरी येऊन बसली. "हेमू, पेपरात आहेस ना तू? मग एक ओळ छाप. गोळीनं गेला, एवढंच."

हेमचंद्र एका सायंदैनिकात उपसंपादक होता. संपादकांनी त्याला दोनदा परतवले. "डॉक्टर लिहून देतात का? नाही ना? मग मामाच्या शब्दावर मी पत्रक खोटं पाडू?"

तेव्हा त्याने आडवाट धरली. शनिवारच्या अंकात तो शब्दांच्या मुळांवर सदर लिही, आणि ते संपादक कधी वाचत नसत. या खेपेला त्याने धमनी हा शब्द घेतला. धम् म्हणजे फुंकणे. भात्यासारखी वारा खेळवते, ती धमनी. ग्रीकांचीही समजूत तीच. त्यांनी प्रेते चिरली तर नळ्या रिकाम्या. यातून वाराच वाहणार, असे ठरवून ते मोकळे झाले. त्यांचा शब्द इंग्रजीत आर्टरी झाला आणि पुढे शहरातल्या मोठ्या रस्त्यांनाही चिकटला. शेवटच्या परिच्छेदात त्याने लिहिले की रक्त आधीच गेलेले असते, म्हणून नळी रिकामी सापडते. लालबागच्या रस्त्यावर मनमोहनचे गेले, ते गोळीने.

शनिवारी दुपारी अंक यंत्रावर चढल्यावर छापखान्याचे फोरमन अप्पा वर आले.

"साहेब, दादरच्या साडीवाल्याची जाहिरात ऐन वेळी आली. तुमचं सदर थोडं छाटलं."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? शेपटाकडून. आज काय नवीन विचारताय?"

महत्त्वाचे ते आधी लिहा, शेवट कापला जातो, असे हेमचंद्र स्वतःच नवशिक्यांना रोज बजावत असे. पण सदर लिहायला बसला, की तो मुळापासून सुरुवात करी.

संध्याकाळी घरी गेला तेव्हा यशोदेच्या मांडीवर अंक उघडा होता.

"वाऱ्याचं काय काय लिहिलंयस रे. माझं पोर कुठाय यात?"

"जागा कमी पडली, ताई."

तिने अंकाची घडी घातली. "चेंगराचेंगरीला बरी पुरली."