नवा डबा

चिखलीत दर शनिवारी दुपारी ‘आमचं आम्ही बोलू’ हा गट जमायचा. लोक ज्यांना मतिमंद म्हणून मोकळे होतात, अशा तरुण मुलामुलींचा. साधनाताई त्यांना एकच गोष्ट शिकवायच्या: आपल्याला काय हवं, काय नको, ते आपणच सांगायचं. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग सगळ्यांचे डबे मध्ये उघडायचे आणि अंगतपंगत बसायची.

सगळ्यांचे, पण जिकराचा नाही. गॅरेजवाल्याची ही मुलगी गटात आली त्याच दिवशी ताईंनी तिच्या आईला, सादिकाला, बाजूला घेतलं होतं. “डबा देऊ नका हं. इथं पुष्कळ असतं.” आवाज अगदी साखरेचा. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण सादिकाला ते बरोबर कळलं. बाकीच्यांच्या घरचे काय म्हणतील, उगाच कटकट नको, असा ताईंचा हिशोब. वर्षभर जिकरा खाली मान घालून दुसऱ्यांच्या डब्यातलं खायची आणि ताई म्हणायच्या, पोरगी लाजाळू आहे.

त्या शनिवारी ‘नको’ म्हणायचा सराव होता. धनेशनं लटक्या रिक्षावाल्याला झापलं. मग जिकराची पाळी आली.

“तू कुणाला सांगणार?” ताईंनी विचारलं.

जिकरानं बोट त्यांच्याकडेच केलं. “तुला. सगळ्यांचा डबा आहे. मेरा नहीं. मला आवडत नाही. अम्मी अच्छा बनाती.”

ताईंचे कान तापले. “अगं, तसं नाही... काही जणांना चालत नाही ना...”

“कुनाला?” गावातल्या जुन्या शेतकरी घरातला धनेश सगळ्यांकडे बघत म्हणाला. “आमी तर न्हाई म्हनलो न्हाई. कोन म्हनलं, ताई?”

कुणीच म्हटलं नव्हतं. एकाही आईबापानं नाही. ताईंनीच सगळ्यांच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ‘मी म्हटलं’ एवढं सांगायचं होतं, तेही या बाईच्या तोंडून फुटेना.

“पुढच्या वेळी आण हं,” त्या पुटपुटल्या.

पुढच्या शनिवारी जिकरा डबा छातीशी धरून आली. कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून चिकटलेली. आत बटाट्याची भाजी आणि चपात्या.

ताईंनी पहिला घास घेतला तशी जिकरा उठून उभी राहिली. मान वर, आवाज मोठा, अगदी शिकवल्याबरहुकूम.

“अम्मीनं सांगितलंय, ताईंना सांग. डबा नवीन आहे. यात गोश्त कधीच ठेवलं नाही. कढई पण नवी घेतली.”

सगळ्यांना ऐकू गेलं.

“मग मटन कवा आननार?” धनेशनं विचारलं. पोरं खदखदून हसली. जिकराही हसली, आणि मग थांबून तिनं हळूच विचारलं, “ताई, चालेल?”

शरमेनं ताईंना मान वर करवेना.