कोब्याखाली

कामाच्या नादात माणूस काय काय उकरून काढतो, त्याची गवंड्याला सवय होती. तुंबलेली गटारं, फुटलेल्या संडासटाक्या, सगळं त्याने उघड्या हातांनी निस्तरलं होतं. पण थोरल्या बहिणीच्या परसातल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यात तो वाकून शिरला आणि सकाळचा चहा त्याच्या घशाशी आला.

पिंजरा चांगला खोलीएवढा. चारी बाजूंना जाळी, वर पत्रा, आणि खाली नुसती माती. त्या मातीवर विष्ठा, भिजून आंबलेले दाणे आणि पिसं यांचा बोटभर राडा साचला होता. पाय टाकला की चप्पल चिकटायची आणि उचलताना पचपच आवाज यायचा. कडेने मुठीएवढी बिळं पडली होती. वास तर असा, की डोळ्यांतून पाणीच आलं.

भावोजी बाहेर नाकाला रुमाल लावून उभे होते.

"वरून कोबा ओतून टाक. एका दिवसात उरकेल."

"वरून ओतला तर महिन्याभरात कडेने पोखरतील, भावोजी. आधी फूटभर उकरायचं, मग बारीक जाळी अंथरायची, तिची टोकं वर वळवून सांगाड्याला आवळायची आणि मग चार इंच काँक्रीट."

"तुला काय करायचं ते कर. मला पुन्हा ते बघायला लागू नये म्हणजे झालं."

'ते' म्हणजे गेल्या आठवड्यात दिसलेला उंदीर. लव्हबर्डचं पिल्लू तोंडात धरून तो भरदिवसा बिळात शिरला होता. त्याआधी वर्षभर पिंजऱ्यातले पक्षी गायब होत होते, आणि भावोजींनी आळ घेतला तो शेजारच्या बाईंच्या पिवळ्या मांजरीवर. बाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, घरात त्या आणि ती मांजर. दोन महिन्यांपूर्वी भावोजींनी मासळीत उंदरांचं औषध कालवून कुंपणावर ठेवलं. ही बहाद्दरी त्यांनी जेवताना सांगितली होती, "ब्याद गेली एकदाची!" म्हणून. तेव्हा ताई पानावरून उठून गेली होती. गवंडी मात्र तोंडात घास असताना मोठ्याने हसला होता.

पक्षी ओसरीवरच्या छोट्या पिंजऱ्यांत हलवले आणि त्याने खणायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुदळ मऊ कशात तरी रुतली. त्याने माती बाजूला केली. चिंध्या, पिसं आणि प्लास्टिकचे तुकडे कुरतडून केलेलं घरटं होतं, आणि त्यात गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती. शेजारच्या पोकळीत हाडं होती. इवलीशी, पिवळट, चघळलेली हाडं. त्यांच्यात काहीतरी चमकलं. पक्ष्यांच्या पायात घालतात त्या नंबराच्या कड्या होत्या. एका कडीत पाय अजून तसाच होता, वाळक्या काडीसारखा.

गवंडी नळापर्यंत कसाबसा पोचला आणि भडाभडा ओकला.

मग त्याने कड्या एकेक वेचून घमेल्यात धुतल्या. तेवीस भरल्या. ताई पाणी घेऊन आली आणि घमेल्यात बघून जागच्या जागी थांबली.

"या सगळ्या..."

"सगळ्या बिळातल्या. त्या मांजरीने यातला एकही पक्षी खाल्ला नाही, ताई."

"ती होती तोवर महिन्याला एखादा जायचा," ताई हळू म्हणाली. "ती गेल्यावर आठवड्याला एक-दोन जायला लागले. मी यांना म्हटलं होतं."

भावोजी आले. त्यांनी कड्या पाहिल्या, कुंपणापलीकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, उगाच बोभाटा नको. काँक्रीट ओतशील ना, त्यात टाकून दे. पुरलं की विषय संपला."

"उंदरांना का नाही घातलं हो ते औषध?" गवंड्याने विचारलं.

"अरे, पक्ष्यांच्या पोटात गेलं असतं तर? महागाचे पक्षी आहेत!"

एवढं बोलून ते हसले, आणि गवंड्याच्या हसण्याची वाट बघत राहिले. मघाशी उंदराच्या पिल्लांकडे बघून जी किळस आली होती, ती आता या माणसाच्या तोंडाकडे बघून आली. आपण याच हसण्यात सूर मिसळला होता, हे आठवून तर आणखीच.

"माझ्या कोब्यात असली घाण जाणार नाही," तो म्हणाला. "काम अर्धं सोडून जाऊ?"

भावोजी पुटपुटत घरात गेले. ताईने कड्या पदरात घेतल्या, फाटक उघडलं आणि सरळ शेजारी गेली.

बऱ्याच वेळाने बाई एकट्याच कुंपणापाशी आल्या. गवंडी जाळी ताणून बांधत होता.

"आता उंदीर येणार नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही येणार, बाई."

"मग हे आधीच करता आलं असतं." त्यांनी कुंपणावर हात ठेवला. "तीन तास तडफडत होती. मांडीवर घेऊ देत नव्हती."

गवंड्याने पक्कड खाली ठेवली. गप्प राहणं सोपं होतं, पण जिभेवर ओकारीची आंबट चव अजून होती.

"बाई, भावोजींनी मासळीतल्या विषाचं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, रस्त्यात पडलेलं काहीतरी बघावं तसं. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काँक्रीट त्याने तिसऱ्या दिवशी ओतलं. धुतलेलं पाणी साचू नये म्हणून एका बाजूला ढाळ दिला, कोपरे गोल केले, मोरीच्या तोंडावर जाळी बसवली. इतकं नेटकं काम त्याने कुणाच्या दिवाणखान्यातही केलं नव्हतं. पक्ष्यांचा काय दोष! कोब्यावर पाणी मारायला तो आठवडाभर स्वतः येत राहिला. ताईने दिलेला चहा तो परसातच उभ्याने प्यायचा.

पक्षी आत सोडायच्या दिवशी भावोजी भलतेच खुशीत होते. "काय काम केलंस, वा! आज जेवूनच जा."

ताई दारात उभी होती. तिने आग्रह केला नाही. गवंड्याने थाप्या धुतल्या, पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "तुमच्या पानाला पान लावून माझ्याच्याने आता जेववणार नाही, भावोजी."

आणि तो फाटकाबाहेर पडला.